पार्श्वभूमी: पडद्यावरचे ॲव्हरेज आणि टाकीतले इंधन

टाकी काठोकाठ भरून काढलेले मायलेज आणि डॅशबोर्डवर दिसणारे मायलेज जुळत नाही, हे अनेक गाडीवाल्यांनी स्वतः पडताळून पाहिलेले असते. पडदा बहुधा थोडे जास्तच दाखवतो. वाद होतो तो हा फरक येतो कुठून यावर. तो समजून घेण्याआधी एक गोष्ट पक्की धरायला हवी: बहुतेक गाड्यांतला ट्रिप कॉम्प्युटर, म्हणजे पडद्यावर मायलेज दाखवणारा भाग, इंधन मोजत नाही. इंजिनाला किती इंधन सोडण्याचा हुकूम दिला गेला, त्याची तो बेरीज करतो.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अनेक गाड्यांत 'इकॉनॉमी' दाखवणारा काटा आला. तो इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, निर्वात दाखवायचा. पाय हलका ठेवला की काटा हिरव्या पट्ट्यात यायचा. लिटरचा त्यात संबंधच नव्हता. आकडे दाखवणारे यंत्र १९७८ मध्ये अमेरिकेतल्या एका आलिशान सेदानबरोबर जादा पैसे मोजून मिळू लागले. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंधन आणि हवा यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या, जुन्या गाडीत असा आकडा हवा असेल, तर इंधनाच्या नळीत फिरकीचा प्रवाहमापक बसवावा लागे. उरलेले इंधन टाकीत परत नेणारी नळी असेल, तर तेही वजा करावे लागे. उष्णतेने नळीत वाफेचे बुडबुडे धरले की मोजणी बिघडे. खटाटोप मोठा होता, पण निदान इंधनाचा प्रवाह तरी खरोखर मोजला जात होता.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आल्यावर हा खटाटोप संपला. इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारी झडप, किती वेळा उघडायचा आणि दर वेळी किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, हे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणकच ठरवतो. उघड्या इंजेक्टरमधून मिनिटाला किती इंधन जाते, हा आकडा त्यात आधीच भरलेला असतो. वेळ आणि दर यांचा गुणाकार केला की लिटर हाती येतात. वेगळा प्रवाहमापक न लावता मायलेज दाखवता येऊ लागले आणि महागड्या गाड्यांपुरती असलेली ही सोय साध्या गाड्यांतही आली. माझ्या मते गोंधळाचे मूळ इथेच आहे. हिशेब जवळपास फुकटात मिळाला, म्हणून तो ताडून पाहणारे दुसरे मोजमाप गाडीत ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

हुकूम आणि प्रत्यक्ष इंधन यांत तफावत पडायला पुष्कळ वाटा आहेत. हुकूम सुटल्यावर इंजेक्टर उघडायला थोडा वेळ लागतो आणि तो वेळ बॅटरीच्या व्होल्टेजनुसार बदलतो. संथ रहदारीत इंजेक्टर इतका कमी वेळ उघडतो, की या उशिराचा वाटा मोठा होतो. इंधनाचा प्रवाह दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे पंपाचा दाब ढळला की गृहीत धरलेला दरही ढळतो. इंजेक्टरमध्ये कचरा साठला तर इंधन कमी पडते. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. अशा वेळी हिशेबात मात्र न गेलेले इंधनही धरले जाते. पेट्रोलचे तापमान १० अंशांनी वाढले, की त्याचे आकारमान सुमारे १ टक्क्याने वाढते, हे वेगळेच.

पेट्रोलमधल्या इथेनॉलने आणखी एक पेच आणला. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. इथेनॉल मिसळले की हे प्रमाण खाली येते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते. इंजेक्टरच्या वेळेवरून हिशेब करणाऱ्या गाडीत ही वाढ आपोआप धरली जाते. पण हवेचा प्रवाह मोजून त्याला १४.७ ने भागणारी पद्धत इंधन कमीच मोजते. १९९६ पासून अमेरिकेत निदानाचा प्रमाणित पोर्ट, म्हणजे बिघाड शोधणारे यंत्र जोडायची खाच, सक्तीचा झाला आणि त्यात खोचून मायलेज सांगणारी बाहेरची यंत्रे निघाली. त्यांतली बरीच हीच पद्धत वापरत. डिझेलला तर ती लागूच पडत नाही, कारण डिझेल इंजिनात हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते. मात्र यांतल्या अनेक यंत्रांत एक चांगली सोय होती: पंपावर भरलेले लिटर टाकले, की ती आपला गुणक, म्हणजे हिशेबाला गुणायचा दुरुस्तीचा आकडा, सुधारून घेत.

असा गुणक गाड्यांतही होता, फक्त मालकाच्या हाती नव्हता. काही युरोपीय गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये तो ८५ ते ११५ टक्क्यांपर्यंत बदलता येई, पण त्यासाठी वर्कशॉपचे निदान-यंत्र जोडावे लागे. म्हणजे चुकेला जागा असल्याचे बनवणाऱ्यांना ठाऊक होते आणि ती दुरुस्त करायचे साधनही त्यांनी ठेवले होते. मालकाच्या माहितीपुस्तिकेत त्याचा ठळक उल्लेख असता, तर पुढचा बराच वाद टळला असता.

'ॲव्हरेज' या शब्दानेही घोळ घातला आहे. बोलताना आपण तो मायलेजच्या अर्थाने वापरतो. पडद्यावर त्याचा अर्थ सरासरी असतो, आणि कशाची सरासरी हे प्रत्येक गाडी आपापले ठरवते: इंजिन सुरू केल्यापासूनची, टाकी भरल्यापासूनची किंवा शून्य केल्यापासूनची. शिवाय किलोमीटर प्रति लिटरची सरासरी सरळ काढता येत नाही. १०० किलोमीटर १० च्या आणि पुढचे १०० किलोमीटर २० च्या मायलेजने गेले, तर उत्तर १५ नाही. २०० किलोमीटरला १५ लिटर लागले, म्हणजे १३.३. दोन फेऱ्यांचे पडद्यावरचे आकडे मिळवून निम्मे करणारा माणूस इथेच फसतो आणि दोष यंत्राला देतो.

खरा वादग्रस्त निर्णय मात्र अलीकडचा आहे. युरोपात जानेवारी २०२० पासून नव्या मॉडेलांना आणि जानेवारी २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या पेट्रोल व डिझेल मोटारींना, प्लग-इन हायब्रिडसह (इंजिनाबरोबर बाहेरून चार्ज करायची बॅटरीही असलेल्या गाड्या), इंधनाचा आयुष्यभराचा हिशेब साठवणारी यंत्रणा सक्तीची झाली. गाडीने आजवर किती लिटर जाळले आणि किती किलोमीटर तोडले, हे पोर्टवरून वाचता आले पाहिजे आणि इंधनाच्या हिशेबातली चूक ५ टक्क्यांच्या आत असली पाहिजे, असा नियम आहे. या आकड्याच्या अचूकतेला कायद्याने इतकी नेमकी मर्यादा घातली, ही मोठीच गोष्ट झाली.

पण ५ टक्के तपासायचे कुठे? नव्या मॉडेलला विक्रीआधी मान्यता देणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत. ती ३० मिनिटांची आणि सुमारे २३ किलोमीटरची असते. १०० किलोमीटरला ६ लिटर पिणारी गाडी त्यात जेमतेम १.४ लिटर जाळते, म्हणजे ५ टक्के म्हणजे ७० मिलिलिटर. तिथले खरे इंधनही धुरातल्या कार्बनवरून काढतात. नव्याकोऱ्या इंजेक्टरवर, ठरलेल्या तापमानात आणि चाचणीच्या इंधनावर उत्तीर्ण झालेला हिशेब लाखभर किलोमीटरनंतर कसा असेल, हे या चाचणीतून कळत नाही. मर्यादेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की लाखो गाड्यांच्या सरासरीत अशा चुका एकमेकींना खोडतात आणि नियमाचा हेतू तेवढाच होता. चुका दोन्ही बाजूंना सारख्या विखुरल्या असतील, तर हे म्हणणे बरोबर आहे. एकाच बाजूला झुकलेली चूक सरासरीत खोडली जात नाही.

त्याहून मला खटकते ते वेगळेच. नियम साठवलेल्या आकड्याला लागू आहे, डॅशबोर्डवरच्या आकड्याला नाही. पोर्टवर खरा हिशेब आणि पडद्यावर गोड हिशेब, असे दोन्ही एकाच गाडीत राहू शकतात. जो आकडा चालक रोज बघतो, नेमका तोच मोकळा सोडणे चूक होते.

तरीही या नोंदींचा उपयोग झाला. २०२४ मध्ये सुमारे ६ लाख गाड्यांचे आकडे जाहीर झाले: २०२१ मध्ये नोंदवलेल्या पेट्रोल गाड्यांचा प्रत्यक्ष खप अधिकृत आकड्यापेक्षा २३.७ टक्क्यांनी आणि डिझेल गाड्यांचा १८.१ टक्क्यांनी जास्त होता. प्लग-इन हायब्रिडचा तर सुमारे साडेतीनपट. घरच्या चार्जरला लावायची गाडी पेट्रोलवरच पळत होती.

ज्या गाडीत अशी नोंद नाही, तिथे टाकी काठोकाठ भरण्याची जुनी पद्धतच उरते, आणि तीही निर्दोष नाही. नोझल आपोआप बंद होण्याची वेळ प्रवाहावर आणि गाडीच्या कलावर ठरते. ४० लिटरच्या टाकीत एका लिटरचा फरक पडला, की अडीच टक्के गेले. दहा वेळा भरून बेरीज घेतली, की ही चूक अगदी किरकोळ होते. झिजलेले टायर ओडोमीटरवर एक-दोन टक्के किलोमीटर जास्त दाखवतात. पण दोन्ही हिशेबांत अंतर त्याच चाकांवरून येते, म्हणून त्यांच्यातला उरलेला फरक जवळजवळ सगळा इंधनाचाच असतो.