दिवाणखान्यातील मोठा गालिचा : निवड आणि मांडणी

सोफा, खुर्च्या आणि टीपॉय यांना एका बैठकीत बांधणारी, लव (वर उभे राहणारे मऊ धागे) असलेली जाड बिछायत. घरगुती वापरात साधारण ६ × ९ फूट आणि त्यापुढच्या मापांना मोठा गालिचा म्हणतात. ८ × १० आणि ९ × १२ फूट ही त्यापुढची रूढ मापे. लव नसलेली सतरंजी किंवा जाजम याहून वेगळे. भारतात हातविणीच्या गालिच्यांची मुख्य केंद्रे भदोही-मिर्झापूर, काश्मीर, जयपूर आणि आग्रा ही आहेत. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैदी गालिचे विणत. विजापूरच्या असर महालातील जुन्या गालिच्यांचे नमुने तिथे उतरवले गेले.

खरेदीत बहुतेकदा चुकते ते माप. दुकानात रंग आणि नक्षी आधी ठरते, किंमत पाहून माप एक पायरी खाली येते, आणि घरी आल्यावर गालिचा टीपॉयखाली एकटा पडतो. क्रम उलटा हवा: आधी जागा, मग माप, मग वीण व धागा, शेवटी रंग.

माप काढण्याची भरवशाची रीत म्हणजे फरशीवर चिकटपट्टीने चौकट आखून ती दोन दिवस तशीच ठेवणे. खोली ११ × १६ फूट आहे असे धरू. लांब भिंतीला ७ फूट लांब, ३ फूट खोल सोफा आहे आणि समोर दीड फूट खोलीचे टीव्ही युनिट. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर यावेत म्हणून गालिचा ९ इंच आत सरकवायचा, म्हणजे तो भिंतीपासून सव्वादोन फुटांवर सुरू होतो. ६ फूट रुंदीचा गालिचा सव्वाआठ फुटांवर संपतो आणि टीव्ही युनिटपर्यंत सव्वा फूट फरशी मोकळी राहते. ९ फूट लांबी सोफ्याच्या दोन्ही टोकांना एकेक फूट पुढे जाते. इथे ६ × ९ नेमका बसतो. ८ × १० घेतला तर तो युनिटखाली शिरतो. ४ × ६ घेतला तर सोफ्याशी त्याचा संबंधच उरत नाही. एल आकाराच्या सोफ्याला मात्र ८ × १० पासूनच विचार सुरू करावा, कारण दोन्ही बाजूंचे पुढचे पाय त्यावर यावे लागतात. एका बाजूचे आले आणि दुसऱ्या बाजूचे राहिले की बैठक तिरकी दिसते.

आखलेल्या चौकटीवरून चालून पाहावे. मुख्य दारातून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वाटेच्या मधोमध गालिच्याची कड येत असेल, तर तिथे रोज पाय अडखळेल आणि कड लवकर झिजेल. अशी वाट एक तर पूर्ण गालिच्यावर हवी, नाहीतर पूर्ण बाहेर. दार उघडून त्याखालची फटही मोजावी: गालिच्याची जाडी आणि खालच्या अस्तराची जाडी मिळून त्या फटीपेक्षा कमी भरली पाहिजे. परदेशी मापांत २०० × ३०० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ६.५ × ९.८ फूट. हातविणीत दोन-चार इंचांचा फरक पडतो, म्हणून लेबलावर न जाता टेप लावून मोजावे.

वीण ओळखायची तर गालिचा उलटा करावा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसते, आणि टोकांच्या दशा म्हणजे त्याच्याच ताण्याचे (मागावर लांबीत ताणलेले) धागे असतात. पाठीवर कापड चिकटवलेले असेल तर तो टफ्टेड: धागे कापडात टोचून मागून लॅटेक्सने धरलेले. तो स्वस्त पडतो, पण काही वर्षांनी लॅटेक्स सुकून भुकटी होते, खाली पिवळट पावडर साचते आणि पावसाळ्यात वास येतो. दर चौरस इंचाला १०० गाठी धरल्या तर ९ × १२ फुटांच्या गालिच्यात १५ लाखांहून अधिक गाठी येतात; दिवसाला आठ हजार गाठी मारणाऱ्या एका विणकराला त्यासाठी १९० हून जास्त दिवस लागतील. किमतीतला मोठा वाटा या श्रमाचा असतो, आणि तो रास्त आहे. बालमजुरी नसल्याची खात्री हवी असेल तर १९९४ मध्ये ‘रगमार्क’ म्हणून सुरू झालेले आणि आता ‘गुडवीव्ह’ नावाने चालणारे प्रमाणपत्र पाहावे.

धाग्यांत लोकर खूप टिकाऊ. दबलेली लव ती पुन्हा उभी करते; नवी असताना काही महिने तिचे तंतू गळतात, तो दोष नव्हे. ‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ म्हणून विकला जाणारा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला चमकदार धागा) मात्र रोजच्या बैठकीला घेऊच नये: ओला झाला की कमजोर होतो आणि साध्या पाण्याचाही पिवळा डाग धरतो. शंका आल्यास एक सुटा धागा जाळून पाहावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. व्हिस्कोस कागदासारखा जळतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. लहान मुले असतील आणि जेवणखाण हॉलमध्येच होत असेल, तर पॉलिप्रॉपिलिनचा (एक प्रकारच्या प्लॅस्टिक धाग्याचा) यंत्रविणीचा गालिचा हीच शहाणपणाची निवड.

नेण्याआणण्याचा विचार आधी करावा. ९ × १२ चा लोकरी गालिचा ३५ ते ५० किलो भरतो आणि त्याची गुंडाळी ९ फूट लांब होते. इमारतीच्या लहान लिफ्टमध्ये ती उभी राहत नाही. जिन्याची वळणे मोजून ठेवावीत. टफ्टेड गालिच्याची घडी घातली तर पाठीचे लॅटेक्स तडकते.

गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर गालिचा सरकतो, म्हणून नैसर्गिक रबर व नमद्याचे (तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचे) अस्तर घालावे; ते चारही बाजूंनी इंच-दीड इंच लहान असावे. स्वस्त पीव्हीसीची जाळी फरशीवर डाग पाडू शकते. लवेला दिशा असते: ती आपल्याकडे झुकलेली असेल तर रंग गडद, पलीकडे झुकलेली असेल तर फिका दिसतो. अंथरल्यावर एकदा फिरवून पाहावे आणि मगच सोफा चढवावा. सहा महिन्यांनी अर्धी फेरी फिरवल्यास झीज आणि उन्हाने उडणारा रंग दोन्ही बाजूंना सारखे विभागले जातात.

आपल्याकडे गालिचा खराब होतो तो पाण्याने. रोज फरशी पुसताना ओला फडका कडेखाली जातो, अस्तर ओल धरते आणि पावसाळ्यात कुबट वास व बुरशी येते. गालिच्याभोवती वीतभर पट्टा कोरड्या फडक्याने पुसावा. हलत्या ब्रशचा व्हॅक्यूम क्लीनर हातविणीवर चालवू नये. दशा तर तो ओढूनच काढतो. सोफ्याखालच्या अंधाऱ्या, न हलणाऱ्या भागात लोकर खाणारी कसर लागते, म्हणून वर्षातून दोनदा गालिचा उचलून दोन्ही बाजूंनी झाडावा आणि पाठ वर करून दोन-तीन तास ऊन द्यावे.

चहा सांडला तर पांढरे सुती कापड दाबून टिपावा, बाहेरून आत; घासू नये. हळदी-कुंकवाचे कोरडे कुंकू आधी झटकून किंवा ब्रश न लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून काढावे, पाणी लावले की ते पसरते. हळदीच्या डागाला साबण लावला तर तो लाल होतो. थंड पाण्याने टिपून उन्हात ठेवल्यास तो फिका पडतो. लोकरीवर क्लोरीनचा ब्लीच कधीच वापरू नये, त्याने तंतूच विरघळतो. पूजा किंवा पंगतीसाठी गालिचा काढायचा असेल तर गुंडाळून, सुती चादरीत बांधून ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते.