स्टिअरिंग जड झालं म्हणजे पंपच गेला?

कुर्ल्याच्या गॅरेजांत नेहमीचं ऐकू येतं: व्हॅनचं पॉवर स्टिअरिंग जड झालं? पंप गेला, बदला. काही महिन्यांत नवा पंपही ओरडायला लागतो. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, स्टिअरिंगमध्ये पंप बिचारा बहुधा मार खाणारा असतो. मारणारे वेगळेच: काळं पडलेलं तेल, स्टिअरिंग तेलाच्या टाकीतली चोंदलेली जाळी, सैल क्लॅम्पमधून शिरणारी हवा. इंजिन चालू ठेवून कुणालातरी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा आणि टाकीत डोकवा. तेलावर दुधाळ फेस दिसला, की हवा शिरतेय.

‘गाडी तेल पिते’ हेही खोटंच. स्टिअरिंगचं तेल जळत नाही. पातळी उतरली म्हणजे गळती. इंजिन बंद करून रॅकचा (चाकं वळवणाऱ्या दांड्याचा) रबरी बूट, म्हणजे त्यावरचं आवरण, दाबून बघा, बरेचदा तेल आतच साचलेलं असतं. आणि पावसात पंप फिरवणारा सैल पट्टा घसरला तरी स्टिअरिंग जड होतं. (तो तपासायला पैसेही लागत नाहीत.)