स्पिरिट, पेट्रोल आणि ठिणगी : बेळगाव सीमाभागातील सुरक्षानियमांची पार्श्वभूमी

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, संकेश्वर, उगार या पट्ट्यातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत अधूनमधून टँकरही दिसू लागतात. डिस्टिलरीच्या, म्हणजे मळीपासून स्पिरिट गाळणाऱ्या कारखान्याच्या, फाटकावर चालकाची काडेपेटी आणि मोबाईल काढून ठेवतात, सायलेन्सरच्या तोंडाला ठिणगी अडवणारी जाळी बसवतात, आणि टँकर भरण्याच्या जागी उभा राहिल्यावर टाकीला अर्थिंगचा चिमटा लावल्याखेरीज पंप सुरू करत नाहीत. हे सारे एका वेळी, एका कायद्याने ठरलेले नाही. त्यातला बराचसा भाग रॉकेल आणि पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून, काही भाग तर कोळशाच्या खाणीतील स्फोटांवरून ठरला. या जिल्ह्याचा स्वतःचा ज्वलनशील द्रव म्हणजे उसाच्या मळीपासून होणारे स्पिरिट, आणि त्याचा आगीच्या अंगाने विचार बऱ्याच उशिरा झाला.

सामान्य माणसाच्या घरात असा द्रव पहिल्यांदा आला तो रॉकेलच्या डब्यातून. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाईन बेळगावपर्यंत आली आणि आयात तेलाचे डबे आतल्या बाजारपेठांपर्यंत पोहोचू लागले. त्या काळच्या रॉकेलमध्ये पेट्रोलसारखा हलका अंश राहून गेलेला असे आणि त्यामुळे दिव्यांचे भडके उडत. चांगले तेल कोणते आणि धोक्याचे कोणते हे ठरवण्यासाठी इंग्लंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबेल यांनी बंद भांड्याचे उपकरण तयार केले. तेल हळूहळू तापवायचे, ठरावीक अंतराने वर बारीक ज्योत न्यायची आणि कोणत्या तापमानाला वाफ क्षणभर पेटते ते पाहायचे. १८७९ च्या ब्रिटिश कायद्याने ही सीमा ७३ अंश फॅरनहाइट ठरवली. आपल्याकडे आज ‘अ’ वर्गाच्या पेट्रोलियमची व्याख्या २३ अंश सेल्सिअसखाली पेट घेणारे अशी आहे. आकड्यांचे रूपांतर करून पाहिले तर ही जवळजवळ तीच रेघ आहे. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ देते, म्हणून ते ‘अ’ वर्गात बसते, तर डिझेल आणि रॉकेल ‘ब’ वर्गात.

भारतात १८९९ चा आणि नंतर १९३४ चा पेट्रोलियम कायदा आला. १८९८ मध्ये स्थापन झालेले स्फोटक पदार्थांचे खाते आज ‘पेसो’ (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) या नावाने ओळखले जाते आणि त्याचे मुख्यालय नागपूरला आहे. १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा कारखाना निरीक्षक, विद्युत निरीक्षक आणि अबकारी खाते यांचे फाईलमार्ग मुंबईऐवजी बेंगळूरकडे वळले. पेट्रोलियमचा विषय मात्र केंद्राचा, म्हणून तो केंद्राकडेच राहिला. सीमाभागातल्या माणसाला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

स्पिरिटचा प्रवास निराळा झाला. पेट्रोलियम कायद्याची व्याख्या हायड्रोकार्बन द्रवांभोवती बांधलेली आहे आणि शुद्ध अल्कोहोल त्यात बसत नाही. त्यामुळे डिस्टिलरीवर सरकारची नजर राहिली ती महसुलाची, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर बंदोबस्ताचीही. टाकीला कुलूप कोणाचे, सील कोणाचे, किती लिटर घट दाखवली, हे काटेकोरपणे लिहिले जाई. त्याच टाकीच्या झाकणाशेजारी कोणता दिवा लावला आहे, हा प्रश्न त्या वहीत येत नसे. माझ्या मते या भागातील जुन्या डिस्टिलऱ्यांच्या मांडणीत जे दोष सापडतात, त्यांचे मूळ बहुतेक वेळा इथे आहे, कारण ती मांडणी चोरी रोखण्यासाठी केलेली होती.

विजेसंबंधीचे नियम तेलाच्या धंद्यातून आलेले नाहीत, ते कोळशाच्या खाणींतून आले. वेल्समधील सेंगहेनिड खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी झालेल्या स्फोटात ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले. खाणीत इशाऱ्याची घंटा वाजवण्यासाठी उघड्या तारा एकमेकींना टेकवत असत, आणि त्यातून उडणाऱ्या ठिणगीवर चौकशीत दाट संशय व्यक्त झाला. बॅटरी तर अगदी कमी दाबाची होती. पुढे व्हीलर आणि थॉर्नटन या संशोधकांच्या प्रयोगांतून असे दिसले की प्रश्न केवळ व्होल्टेजचा नाही. घंटेच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा सर्किट तुटताना एकदम बाहेर पडते आणि तेवढी ऊर्जा वायू पेटवायला पुरते. ठिणगी पडली तरी ती पेटवू शकणार नाही इतकीच ऊर्जा सर्किटमध्ये ठेवायची, ही उपजत सुरक्षित उपकरणांची कल्पना यातून निघाली. आजच्या टाकीवरची पातळी मोजणारी यंत्रे बहुधा याच तत्त्वावर चालतात.

दुसरा मार्ग जर्मनीतील खाणींमध्ये विकसित झाला आणि आपल्याकडचे वायरमन त्याला ‘एफएलपी’ म्हणतात, म्हणजे विजेचे उपकरण फ्लेमप्रूफ पेटीत बसवणे. फ्लेमप्रूफ पेटीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की ती हवाबंद असते. तशी ती नसते. वाफ आत शिरणार आणि आत स्फोटही होऊ शकतो, हे गृहीत धरूनच ती जाड ओतीव धातूची करतात. झाकण आणि पेटी यांच्यातील घासून सपाट केलेली फट इतकी अरुंद आणि लांब असते की तीतून बाहेर येणारी ज्वाळा वाटेतच थंड होते. म्हणून त्या फटीत रबराची पट्टी घालायची नाही, रंग लावायचा नाही, आणि बारा बोल्ट असतील तर बाराही आवळलेले हवेत. एक बोल्ट हरवला, किंवा जास्तीच्या केबलसाठी कोणी बाजूला भोक पाडून साधी ग्लँड (केबल जिथून पेटीत शिरते तिथले तोंड) बसवली, की महागडी पेटी साध्या पेटीइतकीच उरते. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही तऱ्हेच्या ग्लँड शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात, आणि दिसायला त्यांच्यात फारसा फरक नसतो.

कोणत्या जागी असे उपकरण हवे, हे ठरवण्यासाठी भारतीय मानक ५५७२ आले. जिथे स्फोटक वाफ सतत असते ती शून्य क्षेत्राची जागा, जिथे नेहमीच्या कामात येऊ शकते ती पहिल्या क्षेत्राची, आणि जिथे क्वचित, बिघाड झाला तरच येते ती दुसऱ्या क्षेत्राची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, स्पिरिटची सुमारे दीडपट. दोन्ही खाली बसतात, चरातून सरकत दूरच्या स्विचरूमपर्यंत जातात. म्हणूनच केबलचे चर वाळूने भरण्याची पद्धत आहे.

सर्वांत कमी बोलली जाणारी बाब तापमानाची आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच पेटते. बंद टाकीत द्रवाच्या वर ती एरवी याच्या कितीतरी वर असते, म्हणजे मिश्रण पेटण्यासाठी गरजेपेक्षा जास्त घट्ट असते, आणि टाकी आतून सहसा पेटत नाही. इथेनॉलचा, म्हणजे स्पिरिटमधल्या अल्कोहोलचा, पेट घेण्याचा बिंदू सुमारे १३ अंश आणि त्याच्या वाफेची पेटण्याची मर्यादा ३.३ ते १९ टक्के. २० अंशांना टाकीच्या मोकळ्या जागेत सुमारे ६ टक्के वाफ साठते, तर ३० अंशांना सुमारे १० टक्के. म्हणजे बेळगावची जी हवा आपण सुखद म्हणून सांगतो, तीच इथेनॉलच्या टाकीसाठी वर्षातील बहुतेक दिवस धोक्याच्या पट्ट्याच्या अगदी मधोमध येते. पेट्रोलच्या सवयीने वागणाऱ्याला हे पटकन पटत नाही. शिवाय स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. पाणी मारले तर ते पाण्यात मिसळते, पण पाच भागांत एक भाग स्पिरिट उरले तरी ते मिश्रण ३६ अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, आणि गटारातून वाहत पुढे जाते. पेट्रोलची आग विझवण्याचा साधा फेस स्पिरिटवर टिकत नाही, अल्कोहोलला दाद न देणारा वेगळा फेस लागतो.

पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळण्याची कल्पना जुनीच आहे. १९४८ मध्ये त्यासाठी पॉवर अल्कोहोल कायदा झाला होता, जो २००० साली रद्द झाला. लगेच २००१ मध्ये प्रायोगिक मिश्रणासाठी निवडलेल्या तीन ठिकाणांत मिरज एक होते, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. २००३ पासून ५ टक्के मिश्रण नऊ राज्यांत सुरू झाले, जून २०२२ मध्ये देशात सरासरी १० टक्के गाठले गेले, आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या या जिल्ह्यात त्याचा अर्थ एवढाच की टाक्या मोठ्या झाल्या आणि टँकरच्या फेऱ्या वाढल्या. दरम्यान २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळच्या सीतापुऱ्यात पेट्रोल गळून वाफेचा ढग पेटला. आग अकरा दिवस चालली. एम. बी. लाल समितीच्या अहवालानंतर दुरून बंद होणारे व्हॉल्व्ह आणि वाफ ओळखणारी यंत्रे तेलडेपोंवर आवश्यक झाली. डिस्टिलऱ्यांपर्यंत हा धडा हळूहळूच पोहोचला.

अर्थिंगची गोष्ट मातीशी बांधलेली आहे. पेट्रोलियम नियमांप्रमाणे टाकीचा जमिनीशी रोध ७ ओहमच्या आत हवा. अथणी-चिकोडीकडची काळी जमीन ओल धरते तोवर हा आकडा सहज मिळतो, पण एप्रिलमध्ये ती भेगाळली की रोध चढतो. खानापूरकडच्या जांभ्यात तो मुळातच जास्त असतो. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी ओतत राहण्याची रीत त्यातून आली. नेमके याच दिवसांत वळिवाचे ढग विजा घेऊन येतात, आणि ज्या महिन्यात अर्थिंग सर्वांत कमकुवत त्याच महिन्यात त्याची गरज सर्वांत जास्त. मोजणी पावसाळ्यानंतर उरकून वर्षभराचा कागद तयार करणे सोयीचे असते, पण त्या कागदाला मे महिन्यात फारसा अर्थ नसतो.

मोठ्या टाक्यांबाहेरही हा विषय आहे. बेळगावच्या फाउंड्र्यांत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, साच्याला अल्कोहोलमध्ये कालवलेला लेप ब्रशने देतात आणि तो वाळावा म्हणून काडी लावून पेटवतात. साच्यावर निळसर ज्योत क्षणभर फिरते आणि विझते. त्याच कामगाराच्या पायाशी लेपाची उघडी बादली असते. गॅरेजमध्ये रिकाम्या पिंपाला वेल्डिंग करताना होणारे स्फोट याच जातीचे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३७ व्या कलमात अशा भांड्यातील ज्वलनशील अंश पूर्ण काढल्याखेरीज त्याला वेल्डिंग करण्यास मनाई आहे. त्यासाठी लिहून द्यायचा कामाचा परवाना इथे इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये भरला जातो. वेल्डर पुष्कळदा चंदगड किंवा खानापूरकडचा मराठी माणूस असतो, म्हणून सुपरवायझर तो कागद हातात धरून त्याला मराठीत तोंडी समजावतो आणि मग सही घेतो.