खाकी कव्हरातली 'बाहुल्यांची दरी'

मावशीच्या कपाटात एक पुस्तक कायम खाकी कव्हरात असायचं. शाळेच्या वह्यांना घालतात तसलं कव्हर, वर ना नाव ना लेबल. दादरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत कपाट एकच. वरच्या फळीवर पोथ्या, मधल्या फळीवर दिवाळी अंक, आणि खालच्या फळीवर साड्यांच्या घड्यांखाली हे. मावशी फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट होती. फाउंटनच्या फुटपाथवरून तिनं ते जुनं घेतलेलं. आतल्या पानावर कुठल्याशा सर्क्युलेटिंग लायब्ररीचा पुसट जांभळा शिक्का आहे. ती गेल्यावर पुस्तक माझ्याकडे आलं. टेबलावर उभं धरून सोडलं की ते दर वेळी एकाच ठिकाणी उघडतं. ते ठिकाण कुठलं, हे पुढे येईलच.

पुस्तक म्हणजे जॅकलिन सुझॅनची 'व्हॅली ऑफ द डॉल्स'. 1966 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला बर्नार्ड गाइस या प्रकाशकाकडून निघालेली ही कादंबरी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या यादीत 65 आठवडे होती, त्यातले 28 आठवडे पहिल्या क्रमांकावर. तीन कोटींच्या आसपास प्रती खपल्या. 'टाइम' साप्ताहिकानं तिला 'या महिन्याचं घाणेरडं पुस्तक' ठरवलं. साठ वर्षं होत आली, तरी तिचं नाव निघालं की 'चावट' हाच शब्द आधी येतो. मी ती तिसऱ्यांदा वाचली तेव्हा हा शब्द मला फार खटकला. कादंबरीत शय्याप्रसंग आहेत, पण आजच्या वेब सिरीजच्या मानानं ते सोवळेच म्हणावेत. त्या काळी लोक ज्यानं हादरले, ते दुसरंच काहीतरी होतं असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी शीर्षकाचं. यातली 'डॉल' म्हणजे बाहुली खरी, पण कादंबरीतल्या बायका झोपेच्या कॅप्सूलना लाडानं 'डॉल' म्हणतात. लाल सेकोनल, पिवळी नेम्ब्युटाल. लहान मूल बाहुली कुशीत घेतल्याशिवाय झोपत नाही, तशा या बायका या बाहुल्यांशिवाय झोपत नाहीत. ही औषधं बार्बिट्युरेट या गटातली. त्यांचं दुखणं असं की झोप येण्याचा डोस आणि जीव जाण्याचा डोस यांत अंतर थोडं. शरीराला सवय लागली की झोपेसाठी डोस वाढवावा लागतो, पण जीव घेणारी मर्यादा त्या प्रमाणात वर सरकत नाही. दोन्ही रेषा जवळ येत जातात, आणि वर दारू घेतली तर त्या भेटतात. पहाटे कामावर पोचायचं म्हणून सकाळी उत्तेजक गोळी, रात्री झोपवणारी गोळी, मधे वजन उतरवणारी गोळी. हे सगळं डॉक्टरच्या चिठ्ठीवर राजरोस मिळत होतं. अमेरिकेत या औषधांवर कडक नियंत्रणाचा कायदा आला तो 1970 मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर चार वर्षांनी.

गोष्ट 1945 ला सुरू होते. अ‍ॅन वेल्स मॅसॅच्युसेट्समधल्या छोट्या गावातून न्यूयॉर्कला येते आणि नाट्यव्यवसायातल्या वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी होते. नीली ओ'हारा लहानपणापासून रंगमंचावर राबलेली, अफाट गळ्याची पोर; ती हॉलिवूडची मोठी स्टार होते आणि तिथंच विस्कटते. जेनिफर नॉर्थकडे गळा नाही, अभिनय नाही, देखणं शरीर आहे, आणि त्या शरीराच्या कमाईवर डोळा ठेवून पत्र धाडणारी आई आहे. वीस वर्षांत तिघी त्या लाल-पिवळ्या बाहुल्यांपाशी येऊन पोचतात.

हे सुझॅननं कुठून आणलं? तिचा जन्म 1918 चा, फिलाडेल्फियातला. वडील चित्रकार होते, श्रीमंतांची पोर्ट्रेट करायचे. अठराव्या वर्षी ती नटी व्हायला न्यूयॉर्कला आली आणि पुढची पंचवीस वर्षं नटी होण्याची खटपट करत राहिली. ब्रॉडवेवर चारदोन वाक्यांच्या भूमिका, पडलेली नाटकं, टीव्हीवरच्या जाहिराती. ती मोठी कधीच झाली नाही. पण विंगेत उभं राहणाऱ्याला रंगमंचावरच्यापेक्षा जास्त दिसतं. एथेल मर्मनसारखी दबदब्याची गायिका तिनं जवळून पाहिली; कादंबरीतली हेलन लॉसन तिच्यावरून घेतली असं सगळे म्हणायचे. कॅरोल लँडिस ही देखणी नटी 1948 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी सेकोनल घेऊन गेली. जेनिफरमध्ये लोकांनी तिला पाहिलं. नीलीत तर ज्युडी गार्लंड स्पष्टच दिसत होती. सुझॅन स्वतः या नावांना कधी दुजोरा देत नसे.

ज्युडी गार्लंडची हकिगत इथं सांगायलाच हवी. तेराव्या वर्षी तिला स्टुडिओनं करारात बांधलं. काम करता यावं म्हणून आणि झोप लागावी म्हणून आपल्याला तिथं गोळ्या दिल्या जात, हे तिनं स्वतः पुढे सांगितलं. 1967 मध्ये या कादंबरीवर सिनेमा निघाला तेव्हा हेलन लॉसनच्या भूमिकेसाठी तिलाच घेतलं, आणि चित्रीकरण सुरू झाल्यावर काढून टाकलं. भूमिका सुझन हेवर्डनं केली. गार्लंड 22 जून 1969 ला लंडनमध्ये गेली, 47 व्या वर्षी, त्याच गोळ्यांच्या चुकून झालेल्या जादा डोसानं. कादंबरीला भडक म्हणणाऱ्यांनी या तारखा समोर ठेवून ती पुन्हा वाचावी.

आता ते पान.

जेनिफरच्या स्तनात गाठ निघते. कॅन्सर. स्तन काढावा लागणार असतो. तिचं एका प्रतिष्ठित माणसाशी लग्न ठरलेलं असतं, आणि शरीराला भाळलेल्यांच्या आयुष्यभराच्या रांगेनंतर हा माणूस आपल्यासाठी आपल्यावर प्रेम करतो, असं तिला वाटू लागलेलं असतं. तो इस्पितळात येतो. काय झालंय ते त्याला ठाऊक नसतं, आणि तो बोलतो ते तिच्या त्या सौंदर्याबद्दलच. ती त्याला काही सांगत नाही. गोळ्या घेते आणि संपवते.

हे लिहिणाऱ्या बाईचा स्वतःचा स्तन 1962 च्या डिसेंबरात काढला गेला होता. जवळच्या चारदोन माणसांपलीकडे कुणालाही तिनं ते कळू दिलं नाही. तिचा एकुलता एक मुलगा ऑटिस्टिक होता, संस्थेत असायचा. तेही जगापासून झाकलेलं. शस्त्रक्रियेनंतर सेंट्रल पार्कातल्या एका टेकाडावर जाऊन तिनं देवाकडे आणखी दहा वर्षं मागितली, अशी हकिगत तिचा नवरा अर्व्हिंग मॅन्सफील्ड सांगत असे. मग ती टाइपरायटरशी बसली. पहिलं पुस्तक आपल्या पूडल कुत्रीवरचं निघालं, आणि दुसरं हे. समीक्षकांनी टर उडवली, टीव्हीवर मोठमोठ्या लेखकांनी तिच्या दिसण्यावरून टोमणे मारले, आणि ती नटून-थटून, विग चढवून हसत राहिली. त्या कपड्यांखाली काय होतं हे कुणाला माहीत नव्हतं. 21 सप्टेंबर 1974 ला ती त्याच कॅन्सरनं गेली. बरोबर एका आठवड्यानं, 28 सप्टेंबरला, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची तीच शस्त्रक्रिया झाली. त्यांनी ती उघड सांगितली, आणि देशभरातल्या बायका तपासणीला निघाल्या.

मावशीचं पुस्तक इस्पितळातल्या त्या प्रसंगावर उघडतं. तिची शस्त्रक्रिया आमच्याकडे 'गाठ काढली' एवढ्या दोन शब्दांत उरकली होती. कसली, कुठली, हे आम्हा मुलांना विचारायची सोय नव्हती, आणि मोठी माणसंही आपसात 'तिचं ते' असंच म्हणायची. परळच्या टाटा हॉस्पिटलला जाताना ती 'डॉक्टरकडे' जायची. इंग्रजी तिचं कचेरीपुरतं होतं. तरी ही पाचशे पानं तिनं कितीदा वाचली असतील ते कण्यावरच्या पांढऱ्या चिरांवरून दिसतं. त्या पानाच्या समासात खूण नाही, रेघ नाही. पान मात्र तिथं मऊ पडलं आहे, दहाच्या जुन्या नोटेसारखं.

पुस्तक खाकी कव्हरात का होतं, याला मुंबईतलं त्या वेळचं वातावरणही कारण आहे. 1959 च्या डिसेंबरात कुलाब्याच्या हॅपी बुक स्टॉलमधून लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्ली'ची प्रत पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून विकत घेतली. दुकानाचे एक भागीदार रणजित उदेशी यांच्यावर भारतीय दंडविधानाच्या 292 कलमाखाली, म्हणजे अश्लील पुस्तक विकल्याबद्दल, खटला झाला आणि 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली. पुस्तकात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, हा विक्रेत्याचा बचावही न्यायालयानं मानला नाही. विकणाऱ्यावरच जबाबदारी आली. मराठीतही तेच चाललं होतं. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकर कोर्टात खेचले गेले. सर्वोच्च न्यायालयात ते सुटले तेव्हा 1969 साल उजाडलं होतं. एका कथेसाठी सात वर्षं. बाईच्या हातात पुस्तक दिसलं की चारचौघांची नजर आधी कव्हरावर जायची, ती अशा हवेत.

बाईनं बाईबद्दल खरं लिहिलं की काय होतं, याचा अनुभव आपल्याकडे त्याहून जुना आहे. 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' निघालं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावानं. शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं त्यात होतं, आणि केवढं वादळ उठलं! मालतीबाई बेडेकरांना वर्षानुवर्षं त्या नावाआड राहावं लागलं.

पण सुझॅनच्या कादंबरीचं खरं नातं मला लागतं ते हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'शी. हे आत्मकथन 1970 मध्ये राजहंसनं पुस्तकरूपानं काढलं. शब्दांकन अरुण साधूंचं. हंसाबाईंचं मूळ नाव रतन साळगावकर. सिनेमात जायचं तर घराण्याचं नाव नको, म्हणून ती हंसा वाडकर झाली. 1936 मध्ये 'विजयाची लग्ने', प्रभातचा 'संत सखू', 1947 चा 'रामजोशी', आणि 1959 मध्ये अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका', जो पुण्यात एकाच थिएटरात 131 आठवडे चालला. पडद्यावर संत सखू म्हणून जिला बायकांनी हात जोडले, तिनं आपल्या दारूबद्दल, फसलेल्या संसाराबद्दल, आपल्या कमाईवर चाललेल्या घराबद्दल स्वतःच्या तोंडानं सांगितलं. जेनिफरला आईची पैशासाठी येणारी पत्रं मी वाचते तेव्हा मला हॉलिवूड दिसत नाही. शूटिंगहून दमून परतणारी आणि घरच्यांच्या हातावर पैसे ठेवणारी मुंबईतली मुलगी दिसते. सुझॅननं कल्पित नावांचा पडदा ठेवला; हंसाबाईंनी तोही ठेवला नाही. पुढे 1977 मध्ये श्याम बेनेगलांनी या आत्मकथनावर 'भूमिका' केला, स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मग तेच आयुष्य लोकांना 'कलात्मक' वाटलं.

सुझॅनच्या खपाबद्दल थोडंसं, कारण तोही तिच्यावरचा एक आरोप होता. प्रसिद्धीचा मजकूर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा छापून तिनं पुस्तक बाजारात आणलं. पुस्तकांच्या दुकानांत स्वतः जायची, विक्रेत्यांची नावं लक्षात ठेवायची, पुस्तकं वाहून नेणाऱ्या ट्रकवाल्यांना पहाटे गाठून नाश्ता द्यायची. लेखकानं असं फिरणं तेव्हा हलकं समजत. आज प्रत्येक प्रकाशक लेखकाला तेच करायला सांगतो. पुढच्या दोन कादंबऱ्याही पहिल्या क्रमांकावर गेल्या, आणि ओळीनं तीन कादंबऱ्या त्या जागी नेणारी ती पहिली लेखक ठरली. त्या दोन्ही मला आवडल्या नाहीत. त्यांत वेग आहे, पण जेनिफर नाही.

तिच्या मृत्यूनंतर ही कादंबरीही बाजारातून दिसेनाशी झाली होती. 1997 मध्ये ग्रोव्ह प्रेसनं ती पुन्हा काढली आणि नव्या पिढीनं ती उचलली. पुढे इंग्लंडात व्हिरागोनं, म्हणजे स्त्रियांच्या लेखनाला वाहिलेल्या प्रकाशनानं, आपल्या अभिजात मालेत घेतली. यातले दोष कुणी नाकारू नयेत. वाक्यं ओबडधोबड आहेत, संवाद एकसुरी, पुरुष बहुतेक पुठ्ठ्याचे. समलिंगी माणसांबद्दलची भाषा आज वाचवत नाही. पण प्रसिद्धीच्या कारखान्यात बाईचं शरीर कच्चा माल म्हणून कसं वापरतात, वय झालं की कसं टाकतात, आणि ते चालू राहावं म्हणून औषधाची चिठ्ठी कशी लिहून दिली जाते, हे इतक्या लाखो बायकांपर्यंत तेव्हा दुसऱ्या कुठल्या पुस्तकानं नेलं?

गेल्या महिन्यात माझ्या भाचीनं ही प्रत वाचायला मागितली. ती सव्वीस वर्षांची आहे, अंधेरीला एका निर्मिती संस्थेत कास्टिंगचं काम करते. देताना मी खाकी कव्हर काढलं. आतलं मूळ कव्हर, इतकी वर्षं उजेड न लागल्यानं, अजून नवं होतं. दोन दिवसांनी रात्री तिचा फोन आला. कुठपर्यंत वाचलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "इस्पितळापर्यंत. मावशीआजीबद्दल मला सांग ना, तिला नक्की काय झालं होतं?"

मी सांगायला बसले.