काजूच्या कलमाला खालून फूट आली तर? गणेशचवथीनंतरच्या शिवारफेरीची माहिती

दर मार्चमध्ये काजू पडू लागले की आमच्या रोपवाटिकेत तीच तक्रार येते: "तुम्ही वेंगुर्ला-४ जातीचं म्हणून कलम दिलंत, बी मात्र गावठी निघाली." झाड पाहायला गेल्यावर कारण बहुतेक वेळा एकच सापडतं. वरचं कलम केव्हाच मेलेलं असतं आणि खालचा खुंट वाढून त्याचं झाड झालेलं असतं.

खुंट म्हणजे बियांपासून वाढवलेलं रोप. त्यावर आम्ही जातिवंत झाडाची काडी बसवतो. जोडाच्या वरचं सगळं त्या जातीचं, खालचं सगळं गावठी. काजूत परपरागीकरण होत असल्यामुळे बियांच्या झाडाला आईसारखीच बी येईल याची खात्री नसते. जूनमध्ये लावलेल्या कलमाच्या जोडाखाली पहिल्या पावसातच कोंब येतात. ते कलमापेक्षा जोमाने वाढतात, हिरवेगार दिसतात, आणि "झाड छान लागलं" म्हणून लोक खुशीत असतात. दोन-तीन वर्षांची मेहनत तिथेच जाते.

कोंब कोवळा असतानाच अंगठ्याने मुळातून मोडून काढा. वाढू दिलात तर सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) खोडालगत कापावा लागतो, आणि थोडा जरी खुंटारा राहिला तरी त्यातून पुन्हा फुटतो. कोयता जोडाजवळ नेऊच नका. पहिलं वर्षभर दर पंधरवड्याला एक फेरी मारावी, पावसाळ्यात तर नक्कीच. जोड ओळखायचा कसा, हे फोनवर सांगून कळत नाही. एकदा हाताने चाचपून बघितलं की विसरत नाही.

म्हणूनच चवथ झाल्यावरच्या रविवारी सकाळी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या बागेत शिवारफेरी ठेवतो. तोवर जूनच्या लावणीला कोंब आलेले असतात, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्यक्ष झाडावर हात चालवता येतो. जोडावर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी लावणीच्या वेळी का काढायची, हेही तिथेच दाखवू. ती आम्ही आधी काढत नाही, कारण गाडीच्या हिसक्यांत जोड सुटू शकतो. पण जमिनीत गेल्यावरही ती तशीच राहिली तर खोड जाड होताना आवळते. जोड मातीत पुरू नका, तो जमिनीच्या वर दिसला पाहिजे.

मोठ्या झाडांपाशी खोडकिड्याची खूण बघू: बुंध्याशी भुसा आणि डिंक. पहिली दोन वर्षं आलेला मोहोर खुडायला सांगितलं की अनेकांना जिवावर येतं. तरी खुडा, आधी झाडाला अंग धरू द्या.

आमचं कलम रस्त्याकडेला मिळणाऱ्यापेक्षा महाग आहे, हे मान्य. प्रत्येक काडी आमच्याच बागेतल्या, फळं पाहिलेल्या मातृवृक्षावरची असते, आणि जोड पक्का झाल्याशिवाय कलम बाहेर जात नाही. रुजवताना मेलेलं कलम पावती दाखवल्यास त्याच हंगामात बदलून देतो. खुंट वाढलेल्या झाडाच्या बदल्यात मात्र कलम देत नाही. लावल्यानंतरची राखण मालकाच्याच हातात असते.

शिवारफेरीला फी नाही. दहा वाजता पेज आणि लोणचं आहे. जुनं, खालून फुटलेलं रोप शंकेचं असेल तर फांदी तोडून आणू नका. जोडाजवळचा स्पष्ट फोटो काढून आणा, त्यावरून सांगता येतं. पुढच्या जूनची नोंदणीही तिथेच घेऊ. वेंगुर्ला-७ ची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते म्हणून तिला मागणी जास्त. पण आपल्याकडच्या बाळ्ळी गावच्या झाडांतून निवडलेली गोवा-१ सुद्धा बघून जा, बागेत दोन्ही लावल्या आहेत. सात बाय सात मीटरवर लावणार असाल तर हेक्टरी सुमारे दोनशे कलमं लागतात, त्या हिशोबाने आकडा ठरवून या.