ऐकू आलेलं खरंच ऐकू आलेलं असतं

सायकोसिस म्हणजे मनात पक्के भ्रम बसणं किंवा इतरांना न येणारे आवाज ऐकू येणं. तो झालेल्या माणसाच्या घरात एक वाद रोज होतो. "समोरचे काका माझ्यावर पाळत ठेवून आहेत," मुलगा म्हणतो. "अरे, काहीतरीच काय बोलतोस? ते बाल्कनीत कपडे वाळत घालतायत," आई म्हणते. वडील पुरावे देतात, भाऊ चिडतो, मावशीला वाटतं की हे बाहेरचं काहीतरी आहे. मुलगा मात्र ऐकत नाही. उलट, घरचेही त्यांना सामील आहेत असं त्याला वाटू लागतं. इतक्या हुशार मुलाला एवढं साधं कसं कळत नाही? या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर आज देता येतं. ते सापडलं, कारण काही डॉक्टरांनी पेशंटचं बोलणं बडबड म्हणून सोडून दिलं नाही.

क्लाउस कोनराड हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळात आलेल्या सैनिकांच्या हकिकती त्यांनी बारकाईने नोंदवल्या. तो अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध झाला. भ्रम पक्का होण्याआधी अनेकांना एक अस्वस्थता घेरत होती: काहीतरी घडणार आहे, पण काय ते कळत नाही. विंगेत उभ्या असलेल्या नटाच्या पोटात गोळा यावा, तशी ही अवस्था. मग आजूबाजूच्या साध्यासुध्या गोष्टी बोलू लागतात. फाटकाशी थांबलेली स्कूटर, बातम्या देणाऱ्या बाईंच्या साडीचा रंग, कोणाचं तरी खाकरणं, सगळं आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं. आठवडेच्या आठवडे असे गेल्यावर एकदम उलगडा होतो: आपल्यावर पाळत आहे! हा विचार भयंकर असला, तरी निदान कोडं सुटलं म्हणून अनेकांना त्या क्षणी हायसं वाटतं. घरच्यांना हे कळणं फार अवघड जातं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

२००३ साली शितिज कपूर या मनोविकारतज्ज्ञांनी या अनुभवाची मेंदूतल्या रसायनाशी सांगड घातली. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत शंभर आवाज कानावर पडतात, पण कोणी आपलं नाव घेतलं की मान लगेच वळते. हजार गोष्टींमधून 'ही महत्त्वाची' अशी एक निवडण्याच्या कामात डोपामाइन या रसायनाचा मोठा वाटा असतो. सायकोसिसमध्ये मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामाइन जास्त तयार होतं, असं मेंदूतली रसायनं दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कपूर यांची मांडणी अशी, की ते अवेळी, कारण नसताना सुटतं आणि खाकरण्यालाही आपलं नाव हाक मारल्याइतकं वजन येतं. त्या जाणिवेचा अर्थ लावण्याची धडपड म्हणजे भ्रम. अर्थ चुकतो, पण जाणीव खरी असते. म्हणून पुराव्यांचा उपयोग होत नाही. "मला तसं दिसत नाही, पण तुला किती भीती वाटत असेल" एवढं म्हटलं, तर खोटं बोलावं लागत नाही आणि मुलगाही दुरावत नाही.

आवाजांचंही असंच आहे. 'कानात आवाज येतात' असं पेशंट सांगतो तेव्हा ती कल्पना नसते. स्कॅनमध्ये त्या वेळी भाषेशी संबंधित भाग कामाला लागलेले दिसतात. एक मांडणी अशी, की आपण सगळेच मनात बोलतो, पण ते आपलंच बोलणं आहे ही खूणगाठ मेंदू आधीच बांधून ठेवतो. त्याच कारणाने स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. २००० साली मेंदूशास्त्रज्ञ सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं, तेव्हा आवाज ऐकू येणाऱ्या किंवा आपल्यावर दुसऱ्याचा ताबा आहे असं वाटणाऱ्या पेशंटना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श यांत फारसा फरक जाणवला नाही.

मात्र आवाज काय बोलणार, ते एकट्या मेंदूवर ठरत नाही. टान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञाने, चेन्नईतल्या 'स्कार्फ' या मानसिक आरोग्य संस्थेच्या आर. पद्मावती आणि इतरांसह, कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानातलं अक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० जणांशी बोलून त्यांचे आवाज समजून घेतले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकनांचे आवाज बरेचदा अनोळखी आणि हिंसेचे होते. अक्रामध्ये अनेकांना देव बोलताना ऐकू येई. चेन्नईत निम्म्याहून जास्त जणांना नातेवाईक ऐकू येत: स्वयंपाक कर, आंघोळ कर, असं सांगणारे, कधी रागावणारेही. हे वाचताना वाटतं, की डॉक्टरांनी "आवाज येतात का?" एवढंच विचारून खूण करू नये. कोणाचा येतो, काय म्हणतो, हेही विचारावं.

पहिलं अँटिसायकॉटिक, म्हणजे सायकोसिसवरचं औषध, क्लोरप्रोमझिन, १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन इस्पितळात वापरात आलं. डोपामाइनचा प्रभाव ही औषधं कमी करतात. "आवाज आहेत, पण आता पहिल्यासारखे छळत नाहीत," असं पेशंट सुरुवातीला म्हणतात, ते यामुळेच. मनात घट्ट बसलेला अर्थ सैल व्हायला आणखी वेळ लागतो. गोळ्यांनी वजन वाढतं, हात थरथरतात, सुस्ती येते. या तक्रारी खऱ्या आहेत, त्या डॉक्टरांपुढे ठेवून औषध बदलून घेता येतं. परस्पर गोळ्या बंद केल्या, तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो.

सायकोसिस म्हणजे दर वेळी स्किझोफ्रेनिया, हा दीर्घकाळ चालणारा मानसिक आजार, नव्हे. मनःस्थिती टोकाची वर-खाली होणाऱ्या बायपोलर आजारात, बाळंतपणानंतर, गांजामुळे, म्हाताऱ्या माणसांना नुसत्या जंतुसंसर्गानेही तो होतो, म्हणून आधी तपासण्या लागतात. झोप उडणं, एकटं एकटं राहणं, पुटपुटणं, अभ्यासात अचानक मागे पडणं दिसलं की थांबू नये. उपचाराविना जितके दिवस जातात, तितकं सावरणं कठीण होतं.

घरच्यांनाही आधार लागतो. कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली, ती पेशंट आणि नातेवाईक दोघांसाठी. कुठे जायचं हेच सुचत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तो चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.