ओढ्याचं काम माथ्यावर

गावचा ओढा दिवाळीपर्यंत वाहतो की होळीपर्यंत, हे ठरतं वरच्या डोंगरउतारावर आणि खालच्या पिकांत. आपल्याकडे काळ्या पाषाणावर मुरमाचा थर असतो. पावसाचं जे पाणी या मुरमात मुरतं, तेच पुढे महिनोन् महिने ओढ्याला झिरपत राहतं. जोतीराव फुल्यांनी ही गोष्ट 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येच मांडली होती: रिकाम्या शिपायांकडून तालीवजा बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे वळवाचं पाणी आधी शेतांत मुरेल आणि मग नदीनाल्यांना मिळेल. सरकारी पातळीवर ते मनावर घ्यायला पुढची जवळजवळ 100 वर्षं गेली.

निमित्त झालं 1972 च्या दुष्काळाचं. खडी फोडण्याच्या कामांवर लाखो माणसं राबली. त्या काळात पुण्याचे इंजिनिअर विलासराव साळुंखे पुरंदरच्या दुष्काळी गावांत फिरले आणि 1974 मध्ये नायगावला देवस्थानाची साधारण 40 एकर पडीक जमीन घेऊन बसले. उतारावर बांध, खाली पाझर तलाव, तलावाखाली विहीर. यात तांत्रिक नवलाई फारशी नव्हती. नवं होतं ते वाटपात. पाणी माणशी अर्ध्या एकराला, घराला जास्तीत जास्त अडीच एकरांना, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही, खर्चाचा 20 टक्के वाटा लाभधारकांचा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. साळुंख्यांच्या या चळवळीचे, म्हणजे पाणी पंचायतीचे, हे नियम आजही कुणाला पटकन पचत नाहीत.

राज्य सरकारनं 1983 मध्ये सर्वंकष पाणलोट (एका ओढ्याला पाणी पुरवणारं सगळं क्षेत्र) विकास कार्यक्रम आणला, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ भिंतींवर आलं. पण लोक त्या कामाकडे मजुरी म्हणूनच बघत राहिले. 90 च्या दशकात फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमानं हे उलटं केलं: आधी गावानं श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची, मग पैसा. आराखडा कागदावर नाही, बांधावर व्हायचा. तीन काठ्यांची ए-फ्रेम, मधोमध दोरीला बांधलेला दगड. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं फक्की मारायची, फ्रेम पुढे फिरवायची. अशी रेघ डोंगरावर उमटली की सलग समतल चर (एकाच उंचीवरून खोदलेला लांब खड्डा) कुठून जाणार ते निरक्षर माणसालाही दिसे आणि तो भांडायलाही मोकळा होई.

भांडणं होतच. चराईबंदीचा पहिला फटका मेंढरंवाल्या धनगरांना आणि भूमिहीनांना बसतो. पाणी वाढल्याचा फायदा मात्र खाली विहीर असलेल्याला. यशोगाथांत हा हिशोब सहसा येत नाही.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पुढचं पाऊल टाकलं. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात डोंगरावर चर झाले, विहिरींना पाणी आलं. पण गाव टिकलं ते पाण्याच्या ताळेबंदावर. पावसाळा सरला की झालेला पाऊस मांडायचा, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही.

त्यानंतर 2014 च्या डिसेंबरात राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान आलं, 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली स्पर्धा. स्पर्धेनं शेकडो गावांत पुन्हा टिकाव-फावडी उचलली गेली. जलयुक्तमध्ये मात्र बऱ्याच ठिकाणी ‘माथा ते पायथा’ हा क्रम सुटला आणि पोकलेन थेट ओढ्यात उतरलं. नाला खोल-रुंद केला की फोटो झकास येतो. मुरमाचा थर खरवडून खालच्या पाषाणापर्यंत गेलं, तर जिरायला जागाच उरत नाही.

कायदाही आहे. 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून लागू झाला. त्यात पाणलोटनिहाय समिती आहे, पीक आराखडा आहे, शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे. 60 मीटर म्हणजे साधारण 200 फूट. दुष्काळी तालुक्यात रात्री बोअरची गाडी उभी राहिली की तो आकडा कुणी काढत नाही; गाडीवाल्याचा भाव फुटावर असतो.